त्या नावाची पोच

फोनवर डॉक्टर म्हणाले, "तुमच्याकडच्या त्या नव्या मुलीला जरा द्या," आणि त्यांनी एक नाव घेतलं.

मी म्हटलं, "या नावाची आमच्याकडे कुणी नाही हो, डॉक्टर."

"नाही कशी? तिची पोच आलीय मला. आधीच तुमची सगळी ई-मेल आमच्या इथं कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडतायत. आज तो डबा उपसला, तर त्यात ही सापडली. म्हणते, तुमचं पत्र मिळालं, लवकरच उत्तर देते. अहो, मी तिला पत्रच लिहिलेलं नाही! ज्या पेशंटच्या कवळीचं माप पाठवलं त्याचा पत्ता नाही, आणि न लिहिलेल्या पत्राची पोच. कुठून आणलीत ही पोरगी?"

माझ्या मागे आमच्या थोरल्या जाऊबाई मेण कोरत बसल्या होत्या. डॉक्टरांचा आवाज मुळात मोठा, त्यांना सगळं ऐकू गेलं. हातातली सुरी पडली वगैरे काही नाही, फक्त हलायची थांबली. तिच्या तापलेल्या टोकावरचं मेण वितळून टेबलावर ठिपकत राहिलं.

"चौकशी करून कळवते," असं म्हणून मी फोन ठेवला.

"काय नाव म्हणाले गं ते?" जाऊबाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

"परत सांग."

मी परत सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्याच्या तोंडून कसं लागतं ते कधी ऐकलं नव्हतं."

ते नाव मी इथं लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

आमचं घर म्हणजे दातांची लॅब. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात, आम्ही त्यावरून कवळ्या, कॅपा, ब्रिज म्हणजे दातांचे पूल करून देतो. जाऊबाईंचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, कवळ्या करतात. आमचे हे धातूचं आणि पोर्सेलीनचं बघतात. मेण कोरण्याचा नाजूक हात जाऊबाईंचा. मी डबे बांधते, फोन घेते, डॉक्टरांची बोलणी खाते. खालच्या मोठ्या खोलीत भिंतभर फळ्या आहेत आणि त्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. लग्न होऊन आले तेव्हा मी त्या फळ्यांकडे पाठ करून जेवायची. भाऊजी म्हणायचे, "घाबरतेस काय? एवढी तोंडं एका खोलीत असून भांडण नाही, अशी जगात ही एकच जागा आहे."

घरात एक रीत सासऱ्यांपासूनची. माप आलं की त्याच दिवशी पोच द्यायची. माप म्हणजे माणसाचं तोंड, ते वाटेत हरवलं तर त्या बिचाऱ्याला पुन्हा आ करून बसावं लागतं. काम उशिरा झालं तरी चालेल, पण "मिळालं" एवढं कळवल्याशिवाय सासरे जेवत नसत. जाऊबाई या घरात आल्या त्या या रितीत मुरल्या. बोलणं मोजकं, पण पोच चुकायची नाही. आपण काही सांगितलं तर "हं" तरी म्हणणारच.

पुढे मापं ई-मेलनं यायला लागली. डॉक्टर तोंडात यंत्र फिरवून चित्र काढतात आणि पाठवतात. आम्ही सगळ्यांसारखी फुकटातली ई-मेल पेटी घेतली होती. एका सकाळी ती उघडेना. संशयास्पद वापर आढळला म्हणे. सगळी मापं आत, आम्ही बाहेर. विचारायला माणूस नाही, फोन नंबर नाही. अर्ज भरला की त्याला उत्तर येई, तुमचा अर्ज मिळाला. पेटी काही उघडली नाही. जाऊबाईंना मी तेवढं रागावलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "ज्याच्या दारात भांडायला जाता येत नाही, त्याच्या घरात मी माझा माल ठेवणार नाही."

आणि त्यांनी घरातच स्वतःचं पोस्ट ऑफिस काढायचं ठरवलं.

माळ्यावर एक जुना कंप्युटर होता. त्याच्या पोटात प्लास्टरची धूळ साठलेली, ती त्यांनी दात घासायच्या ब्रशनं साफ केली. त्यावर कंप्युटर चालवणारं लिनक्स घातलं. ते का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "त्याला मालक नाही. उद्या कुणी येऊन कुलूप लावणार नाही." आम्ही दोघी मराठी शाळेतल्या. इंग्रजी सूचना त्या डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक ओळ वाचायच्या, भाजी निवडावी तशा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करायची, चुकलं की पुन्हा. मला समजावून सांगायच्या. एक प्रोग्राम दारात उभा राहून पत्रं घेतो. दुसरा ती ज्याच्या त्याच्या पेटीत टाकतो. तिसरा बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर सही करतो, नाहीतर जग म्हणतं तुम्ही खोटे.

इंटरनेट कंपनीनं घरगुती जोडणीवर पत्रं पाठवायची वाट बंद ठेवलेली असते. ती उघडून घ्यायला आणि आमच्या जोडणीला कायमचा ठरलेला पत्ता मागायला त्यांनी फोन केला, तेव्हा मी शेजारीच होते. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, घरात कुणी पुरुष माणूस आहे का? त्यांना द्या."

"आहेत दोन," जाऊबाई म्हणाल्या. "दोघंही दात घासतायत."

"या वेळेला?"

"संध्याकाळपर्यंत घासतात. तुम्ही माझ्याशीच बोला."

वाट उघडली. सर्व्हर, म्हणजे तोच जुना कंप्युटर, जिन्याखाली बसला. दिवसभर त्याची घरघर असायची. पहिलं माप आलं तेव्हा आम्ही घरात पेढे वाटायचेच बाकी ठेवले. आमचे हे त्यांना चिडवायचे, "वहिनी, तुमच्या त्या जिन्याखालच्या पाहुण्याला विचारा, आज जेवायला मिळणार का." जाऊबाई म्हणायच्या, "तो तुमच्यासारखं दोनदा मागत नाही."

फक्त एक गोष्ट त्यांनी आमच्या घरच्या सवयीनं केली, आणि सगळं तिथून सुरू झालं. डॉक्टर लोक पत्त्यात काय वाटेल ते नाव घालत. कुणी 'लॅब' लिहायचं, कुणी 'दात', कुणी भाऊजींचं नाव चुकवून. एकही माप परत जाऊ नये म्हणून जाऊबाईंनी सर्व्हरला सांगून ठेवलं, कुठल्याही नावानं आलं तरी आत घे. आणि आत घेतलं की पोच दे. पोचेचा मजकूर त्यांनीच लिहिला होता: 'आपलं पत्र अमक्यांना मिळालं. लवकरच उत्तर देतील.' अमक्याच्या जागी, पत्र ज्या नावानं आलं ते नाव सर्व्हर आपोआप घालायचा.

डॉक्टरांच्या फोननंतर त्या मला जिन्याखाली घेऊन गेल्या. दोघी पाटावर बसलो.

"तुला आमच्या मुलीचं माहीत आहे ना?"

माहीत होतं. म्हणजे घरात एक वाक्य होतं, "पहिलं टिकलं नाही." मी या घरात यायच्या आधीची गोष्ट. दवाखान्यात सकाळी झाली आणि संध्याकाळी गेली. कागदावर नुसतं 'मुलगी' आणि आईचं नाव. पुढे त्यांना मूल झालं नाही, आणि ते वाक्यही कुणी फारसं उच्चारलं नाही.

"तिचं नाव मी ठरवलं होतं," जाऊबाई म्हणाल्या. "यांना सांगितलं नाही, आईंना सांगितलं नाही. एकटी असतानासुद्धा कधी मोठ्यानं म्हटलं नाही. आणि सर्व्हर सुरू झाला त्याच आठवड्यात त्या नावानं पत्र आलं."

मी खालच्या आवाजात विचारलं, "कुणाचं?"

"बुटांचं. अर्ध्या किमतीत बूट." त्या हसल्या, मला हसता येईना. "मला कळतं गं. नावं चाचपत फिरणारे प्रोग्राम असतात. रस्त्यानं जाताना पोरं दारोदार बेल वाजवत जातात तसं. नेहमीची सगळी नावं घेऊन बघतात. जिथून 'असं कुणी नाही' असं उत्तर येतं ते सोडून देतात. जिथून येत नाही ते नाव जिवंत धरतात आणि पुढच्याला विकतात. आपण तर कुणालाच नाही म्हणत नव्हतो."

"म्हणजे त्यांनी ते..."

"जिवंत धरलं."

मग त्यांनी मला दाखवलं. ती पत्रं त्यांनी पुसली नव्हती, वेगळ्या कप्प्यात ठेवली होती. प्रिय अमुक, तुझं पार्सल अडकलं आहे. प्रिय अमुक, परीक्षेची तयारी आजच सुरू कर. प्रिय अमुक, तुझ्यासाठी नोकरी आहे. तुझी त्वचा, तुझे केस, तुझ्या लग्नाचे कपडे. एकही खरं नाही, सगळी फसवाफसवी. आणि प्रत्येक पत्रात तिला नावानं हाक मारलेली. जाऊबाई म्हणाल्या, "एका वर्षात ती बुटांवरून लग्नापर्यंत आली. मी रोज सकाळी बघायची, आज किती मोठी झाली."

जिन्याखाली उजेड भरपूर होता. पलीकडे यांची करवत चालू होती. तरी मला वाटलं, जिन्यावरून कुणीतरी खाली येतंय.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी इथं हे लिहिलं नसतं. फसवी पत्रं पाठवणारे स्वतःचा पत्ता देत नाहीत, पाठवणाऱ्याच्या जागी कुणा भल्याच माणसाचा पत्ता घालतात. आमची पोच जायची त्या भल्या माणसाकडे. तशी डॉक्टरांकडे गेली. तशीच कधीतरी एका निवृत्त शिक्षिकेकडे गेली होती. त्या दूरच्या गावी एकट्या राहतात, हे पुढे कळलं. त्यांनी उलट लिहिलं होतं, 'मी तुम्हाला पत्र लिहिलेलं नाही. पण उत्तर देणार असं म्हणालात म्हणून वाट पाहिली. अजून आलं नाही. शब्द द्यावा तर पाळावा.'

"मग?" मी विचारलं.

"मग काय. शब्द दिला होता, दिलं उत्तर."

"काय म्हणून?"

जाऊबाई म्हणाल्या, "तिच्या नावानं पोच गेली होती ना, मग उत्तर तिच्याच नावानं दिलं."

त्या शिक्षिका बाईंना वाटलं, मुलगी आहे, लॅबमध्ये काम शिकते. त्यांनी चौकशी केली, मुलीनं सांगितलं. त्यांनी आपल्या गुडघ्यांचं लिहिलं, मुलीनं काळजी घ्यायला सांगितलं. महिनोन् महिने हे चाललं होतं. जाऊबाईंनी मला काही पत्रं वाचायला दिली आणि स्वतः भिंतीकडे बघत बसल्या.

मुलगी छान लिहायची. मेण कोरताना हात कसा धरायचा, कुठल्या डॉक्टरांकडून कशी मापं येतात, काका आईला कसे चिडवतात. त्यातले काका म्हणजे आमचे हे. मीही होते, 'काकू रोज सकाळी देवापुढे बसते, तिच्या पुटपुटण्यानं मला जाग येते' असं. आणि मग, 'मी वरच्या खोलीत झोपते. आई बरी आहे. माझ्याशी फारशी बोलत नाही. घरात माझा विषय कुणी काढत नाही. पण खाली सगळ्यांची बोलणी चालतात, ती मला ऐकू येतात.'

मला पुढे वाचवेना. वरच्या खोलीत प्लास्टरची पोती असतात, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोतं आणायला वर गेले. भर उन्हाची वेळ. खोलीत पोतीच होती, पोतीच असणार. पण आत जाण्याआधी मी दारावर टकटक केली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

इकडे डॉक्टरांचे फोन वाढले. आमच्या पोचा नाही नाही त्या अनोळखी लोकांना जात होत्या, त्यामुळे मोठ्या ई-मेल कंपन्यांनी आमच्या सर्व्हरला उपद्रवी ठरवून काळ्या यादीत टाकलं होतं. आमची खरी पत्रंही कुणी आत घेईना. एका पेशंटला लेकाच्या लग्नात तोंड मिटून उभं राहावं लागलं. दोन डॉक्टरांनी दुसरी लॅब धरली. यावर उपाय एकच होता आणि तो जाऊबाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. घरात जी नावं आहेत तेवढीच सर्व्हरला सांगायची. बाकी कुठल्याही नावाला दारातूनच 'या नावाचं इथं कुणी नाही' म्हणून परत पाठवायचं. आपोआप जाणारी पोच बंद. मग यादीवाल्यांना विनंती करायची की आम्ही सुधारलो, आता आमचं नाव काढा.

तासाभराचं काम. जाऊबाई रोज म्हणायच्या, "उद्या करते."

आमचे हे वैतागले. "वहिनी, अडलंय कुठं? ते तरी सांगा."

"बघतेय."

"आठवडा झाला बघताय. त्या सर्व्हरला दृष्ट लागेल."

अडलंय कुठं ते मला माहीत होतं. सर्व्हरच्या तोंडून त्यांना म्हणायचं होतं की या नावाचं इथं कुणी नाही. आणि हे एकदा म्हणून भागणार नव्हतं, ज्या ज्या वेळी कुणी ते नाव घेईल त्या त्या वेळी.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "ताई, तेवढं एक नाव राहू द्या की आत. बाकी बंद करा. एका नावानं काय बिघडतं? मी रोज देवाचं नाव घेते. त्याला कुठं पाहिलंय मी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "तू देवाचं नाव घेतेस. देवाच्या नावानं पत्रं लिहीत नाहीस."

मी परत फोनपाशी गेले.

शेवटी एके दुपारी जेवताना त्यांनीच विषय काढला. आम्ही चौघं होतो, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी.

"आज ते काम करते," त्या म्हणाल्या. "कुणाकुणाची नावं ठेवायची ते सांगा."

"आपण चौघं," भाऊजी म्हणाले. "आणि मापांसाठी एक. हिशेबाचं एक असू दे."

"बास?"

"बास. अजून कोण आहे घरात?"

ते सहज बोलले होते. जाऊबाईंनी ताटाकडे बघत ते नाव घेतलं.

भाऊजींना कळलं नाही. "ही कोण?"

"आपली."

आमचे हे पाणी प्यायचे थांबले. भाऊजींचा घास हातातच राहिला. मग ते म्हणाले, "हे कधी ठरवलंस?"

"ती होती तेव्हा. दुपारी."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि संध्याकाळी तुम्ही म्हणालात, बरं झालं नाव ठेवलं नव्हतं, नाहीतर जास्त त्रास झाला असता."

भाऊजींनी घास ताटात ठेवला. मी उठायला लागले, तर जाऊबाई म्हणाल्या, "बस गं. तुला सगळं ठाऊक आहे." आणि त्यांनी दोघांना सगळं सांगितलं. बुटांपासून बाईंपर्यंत. वरच्या खोलीचंही सांगितलं. आई माझ्याशी बोलत नाही, हे वाक्यही त्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. स्वतःच्या तोंडानं.

भाऊजी म्हणाले, "मग ठेव. ते नाव ठेव यादीत."

"नको."

"अगं, ठेव म्हणतो ना मी. डॉक्टर गेले खड्ड्यात."

"ठेवलं तर मी परत लिहीन. मी मला ओळखते." त्यांनी ताट बाजूला सारलं. "ती काय बोलली असती ते मला माहीत नाही हो. ती रडली होती, तेवढंच मी ऐकलंय. आणि मी तिच्या तोंडात अख्खी वाक्यं घातली. माणसाच्या तोंडात खोटे दात बसवणं वेगळं, त्याला ते ठाऊक असतात. तिला कुणी विचारलं?"

मी मनात देवाचं नाव घेतलं, पण त्याच्याकडे काय मागावं ते सुचलं नाही.

जेवणं तशीच टाकून आम्ही जिन्याखाली गेलो. आधी जाऊबाईंनी बाईंना पत्र लिहिलं, पहिल्यांदा स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या पत्त्यावरून. ती मुलगी नाही, ती जन्माच्या दिवशीच गेली, लिहिणारी मी तिची आई, मला क्षमा करा. पत्र गेलं. बाईंच्या बाजूनं ते नाकारलं नाही, एवढं सर्व्हरनं दाखवलं. मग त्यांनी यादी टाइप केली. चौघांची नावं, माप, हिशेब. एक ओळ बदलली, पोच काढून टाकली, सर्व्हरला नव्यानं वाचायला लावलं.

"एवढंच?" भाऊजींनी विचारलं.

"एवढंच."

दारातल्या प्रोग्रामचं एक टिपण असतं. कोण आलं, कुणाकडे आलं, आत घेतलं की नाही. ते पडद्यावर सरकत असतं. आम्ही चौघं बघत उभे राहिलो. 'लॅब' परत गेलं. 'दात' परत गेलं. आणि मग ते नाव आलं. इंग्रजी अक्षरांत, कुठल्याशा लग्नाच्या कपड्यांच्या पत्त्यावरून. पुढे तेच, असं इथं कुणी नाही. भाऊजींनी पडद्यावर बोट टेकलं आणि ते नाव मोठ्यानं वाचलं. जाऊबाईंनी खाली मान घातली.

डॉक्टरांची पत्रं हळूहळू पोचायला लागली. काळ्या यादीतून नाव निघालं, एक डॉक्टर परतही आले. पोच आता मी हातानं देते. पण ते नाव यायचं थांबलं नाही. एकदा जिवंत धरलेलं नाव लोक सहज सोडत नाहीत. दिवसातून कधीतरी ते दारात येतं, नाही ऐकतं आणि जातं. मी त्या जिन्यावरून वर जाताना अजून पाय हलका टाकते.

बाईंचं उत्तर आलं नाही. जाऊबाई रोज आपली पेटी उघडून बघत. म्हणाल्या, "रागावल्या असतील. रागवावंच." मग एका सकाळी टिपण बघता बघता त्या ताठ झाल्या. बाईंनी लिहिलं होतं, पण जाऊबाईंना नाही. मुलीला. त्याच नावानं, त्याच जुन्या पत्त्यावर. आणि सर्व्हरनं ते दारातूनच परत पाठवलं होतं.

"चुकून गेलं असेल," मी म्हटलं.

चुकून नव्हतं. पुढच्या आठवड्यात परत आलं, त्याच्या पुढच्याही. खरं काय ते कळल्यावर, आणि दरवेळी पत्र परत येत असताना, बाई तिला लिहीत होत्या.

"काय लिहीत असतील?" भाऊजींनी विचारलं.

"ते कळत नाही. दारातून परत गेलं की आतला मजकूर आपल्याकडे येतच नाही. नुसतं कोणाचं आणि कोणाला, एवढंच."

"त्यांना विचार."

"तिचं पत्र आहे. मी कसं विचारू?"

तेव्हापासून भाऊजी सकाळी काम सुरू करण्याआधी जिन्याखाली येतात आणि एकच शब्द विचारतात, "आज?" कधी जाऊबाई नाही म्हणतात. कधी म्हणतात, "आलं होतं. बाईंचं." मग ते विचारतात, "आपण काय सांगितलं?" आणि त्या सांगतात, "असं इथं कुणी नाही."

परवा हे ऐकून भाऊजी तिथंच उभे राहिले. जाड बोटांचा माणूस, कवळ्या घासून घासून नखांत गुलाबी भुकटी बसलेली. म्हणाले, "असंच सांगावं लागतं का गं? कुणी नाही, असं?"

"म्हणजे?"

"नको घेऊस आत. तू म्हणतेस ते पटतं मला. पण कुणी नाही हे खोटं आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत होती ती."

जाऊबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग पाट ओढून बसल्या. सर्व्हरला दारातला मजकूर बदलून देता येतो, पण एखाद्याच नावासाठी बदलायचा तर ते नाव आधी त्याला सांगावं लागतं. त्यांनी एक नवी ओळ उघडली, ते नाव टाइप केलं, त्यापुढे 'नाकार' असं लिहिलं आणि थांबल्या.

"काय घालू?"

दोघं नवरा-बायको हळू आवाजात बोलत राहिले. शब्द घातले, काढले, परत घातले. मी डबे बांधायला निघून गेले, ते बोलणं माझं नव्हतं. नंतर फरशी पुसायला म्हणून गेले तेव्हा पडद्यावर ती ओळ दिसली. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. 'ती इथं होती. आता नाही. आई-बाबा.'

आज सकाळी बाईंचं पत्र आलं. सर्व्हरनं ते आत घेतलं नाही, आणि आत का घेतलं नाही ते त्यांना सांगितलं.